उघडं दार: पंडिता रमाबाई, प्रार्थना आणि 'मी कोण?'

हा आजच्या एपिसोडचा लिखित मजकूर. लोकलमध्ये नेटवर्क गेल्यावर अर्धाच ऐकला असेल, तर इथे निवांत वाचा.

आज एका दाराची गोष्ट सांगायची आहे. साल १८९३ च्या आसपासचं, गाव पुणे. विधवा मुलींची एक शाळा आहे, तिचं नाव शारदा सदन. मुली तिथेच राहतात, तिथेच शिकतात. शाळा चालवणारी बाई ख्रिस्ती आहे. शाळेत धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं आहे, आणि ती शिकवतही नाही. पण रोज ती स्वतःच्या खोलीत आपल्या लहान मुलीला घेऊन प्रार्थना करते आणि खोलीचं दार बंद करत नाही. काही मुली येतात, दाराशी उभ्या राहतात. मग हळूहळू आत येऊन बसायला लागतात.

एवढंच झालं. पण या उघड्या दारावरून पुण्यात असं वादळ उठलं की पेपरांतून टीकेचा भडिमार झाला, सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि जवळपास २५ मुलींना पालकांनी घरी नेलं.

ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांच्याबद्दल चार ओळी वाचतो: समाजसुधारक, स्त्रीशिक्षण, शारदा सदन, मुक्ती मिशन. पेपरला दोन मार्कांचं उत्तर. त्या चार ओळींत एक गोष्ट राहून जाते. रमाबाई आयुष्यभर एकाच प्रश्नाशी झगडल्या: मी कोण? आणि या प्रश्नाचं उत्तर त्यांना देणारे लोक पैशाला पासरी होते. पुण्याचे पंडित देत होते, इंग्लंडच्या सिस्टर देत होत्या, वर्तमानपत्रं देत होती. त्यांनी मात्र ते प्रार्थनेत शोधलं. कसं, ते बघू.

पाठांतरावर वाढलेली मुलगी

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. आज तो भाग कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या काळी एवढं पाप पुरेसं होतं. लोकांनी त्रास दिला, म्हणून ते रानात जाऊन राहिले. रमाबाईंना संस्कृत आईने शिकवलं. विचार करा, १८६० च्या दशकात एक आई आपल्या मुलीला पहाटे उठवून श्लोक पाठ करून घेतेय.

पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत देशभर फिरायला लागलं. देवळात, घाटावर बसून पुराण सांगायचं आणि लोक जे देतील त्यावर जगायचं. म्हणजे रमाबाईंचं बालपण प्रार्थनेतच गेलं. उपास, प्रदक्षिणा, जप, दानधर्म, काही बाकी ठेवलं नाही. मग दुष्काळ आला. होतं नव्हतं ते संपलं. १८७४ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने आई-वडील दोघंही गेले, नंतर बहीणही गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं अर्धपोटी, पायी, हजारो मैल हिंडले. एवढं करूनही देव बोलला नाही, ही खंत रमाबाईंच्या मनात तिथेच रुजली.

१८७८ मध्ये दोघं कोलकात्याला पोचले. वीस वर्षांची मुलगी घडाघडा संस्कृत बोलते हे बघून तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. इथे एक मजेशीर प्रसंग आहे. भावंडांना एका ख्रिस्ती मंडळींच्या बैठकीचं बोलावणं आलं. तिथे लोक प्रार्थनेसाठी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघ्यावर बसले. या दोघांना वाटलं, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात! रमाबाईंनीच पुढे हे लिहून ठेवलंय.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याची प्रार्थना बाहेरून बघितली की ती अशीच दिसते. खुर्चीसमोर वाकलेली माणसं. आत काय चाललंय ते दिसत नाही.

इंग्लंड: धर्म बदलला, बाई बदलली नाही

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये नवराही गेला, कॉलऱ्याने. वय २३, पदरात तान्ही मुलगी, समाजाच्या लेखी आता फक्त 'विधवा'.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली की बायकांना स्त्री डॉक्टर आणि स्त्री शिक्षक हव्यात. १८८३ मध्ये डॉक्टर व्हायचं ठरवून इंग्लंडला गेल्या. पण कान अधू होत चालले होते, त्यामुळे मेडिकल राहिलं. वाँटेज इथल्या सिस्टर लोकांच्या मठात त्या राहत होत्या.

त्यांच्यावर खरा परिणाम केला तो लंडनमधल्या फुलम इथल्या एका घराने. समाजाने 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथे सिस्टर प्रेमाने सांभाळत होत्या. असं इथे कुणी का करतं, हे रमाबाईंनी विचारलं. उत्तर म्हणून एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेली बाई, जात कमी मानलेली, पाच नवरे झालेली, आणि येशू तिच्याशी भर दुपारी बोलतो. हजार श्लोक पाठ असलेल्या त्या बाईला असं बोलणारा देव नवा होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आता आपल्याला वाटेल, झालं, प्रश्न सुटला. 'मी कोण' तर 'मी ख्रिस्ती'. पण खरी मारामारी इथून सुरू होते.

मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि रमाबाई यांची पत्रं आज उपलब्ध आहेत, १९७७ मध्ये ती पुस्तकरूपात आली. ती वाचताना गंमतही वाटते आणि थक्कही व्हायला होतं. सिस्टरला वाटतं, बाई ख्रिस्ती झाली म्हणजे आता चर्च सांगेल तसं वागेल. बाई काही ऐकेना. मांसाहार करणार नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत? माझ्या देशातल्या कुणाला लॅटिन येतं? त्रैक्याचा सिद्धांत मला पटवून द्या, नुसतं मान्य कर म्हणू नका. मी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवलं तर बिशपांना त्रास काय? आणि या सगळ्याच्या मुळाशी एक मुद्दा: एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली, ती दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या जोखडात घालायला नाही.

सिस्टर याला गर्व म्हणत होत्या. इकडे पुण्यात लोक याच बाईला धर्मबुडवी म्हणत होते. म्हणजे एकीकडे 'तू आता आमची राहिली नाहीस' आणि दुसरीकडे 'तू अजून पुरती आमची झाली नाहीस'. दोन घरांचा पाहुणा उपाशी, तशी अवस्था.

आठ वर्षांनी

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत गेल्या. तिथे तीनेक वर्षं भाषणं दिली, 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक १८८७ मध्ये काढलं, आणि बॉस्टनच्या लोकांनी शाळेसाठी दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं. अट एकच, शाळेत धर्मशिक्षण नको. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. सुरुवातीच्या मुलींमध्ये गोदूबाई होत्या. याच गोदूबाईंशी पुढे धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला. म्हणजे महर्षी कर्व्यांच्या कामाची एक तार थेट या शाळेशी जुळते.

बाहेरून बघितलं तर रमाबाईंचं सगळं छान चाललं होतं. पण १८९१ च्या सुमाराला त्यांना आतून काहीतरी रिकामं वाटायला लागलं. त्याच काळात विल्यम हॅसलम या इंग्रज पाद्र्याचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हा माणूस अनेक वर्षं पाद्रीपण करत होता आणि एक दिवस स्वतःचंच प्रवचन देता देता त्याला उमगलं की आपला स्वतःचा विश्वास असा काही नाहीच. रमाबाईंना तो आरसा वाटला. त्यांनी नंतर १९०७ मधल्या आपल्या साक्षीत लिहिलं, त्याचा आशय असा: मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता.

हे वाक्य पुन्हा एकदा मनात घोळवून बघा. बाप्तिस्मा होऊन आठ वर्षं झालेली बाई हे म्हणतेय. नाव नोंदवलं, कागद झाले, वाद घातले, पुस्तकं वाचली. आपल्या भाषेत सांगायचं तर अकाउंट उघडलं, प्रोफाइल भरली, पण समोरच्याशी एकदाही मनापासून बोलणं झालं नाही. आता त्यांनी ते बोलणं सुरू केलं. पाठ केलेली प्रार्थना सोडून, मूल आईशी बोलतं तसं. दुष्काळात आई-वडील गेले तेव्हा जो देव गप्प होता, त्याच्याशी आता बोलता येतं असं त्यांना वाटायला लागलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मनाला शांती मिळाली ती इथे.

आणि मग ते दार.

दार बंद करायचं की नाही?

हा वाद एकतर्फी सांगायचा नाहीये, कारण दोन्ही बाजूंना वजन आहे.

पालकांचं म्हणणं असं की आम्ही मुली शिकायला पाठवल्या, धर्म बदलायला नाही. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर हे सल्लागार तर सुधारक होते, रमाबाईंचे हितचिंतक होते. त्यांनाही वाटलं की शब्द पाळला जात नाहीये. ऑगस्ट १८९३ मध्ये ते बाजूला झाले. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ने तर आधीपासूनच तोफ डागली होती. आणि एक मुद्दा आजही विचार करण्यासारखा आहे: आधाराला दुसरं कुणी नसलेल्या मुली, आणि त्यांना जेवू घालणारी, शिकवणारी, माया लावणारी बाई. तिने एक शब्द न बोलतासुद्धा प्रभाव पडतोच ना?

रमाबाईंचं म्हणणं असं की मी कुणाला बोलावत नाही. पण माझ्या खोलीत मी माझ्या देवाशी बोलते हे लपवायचं कशाला? हिंदू मुली आपला धर्म मोकळेपणाने पाळतात, त्यांना मी अडवत नाही. मग मीच दार का लावून घ्यावं? मुली जवळ आल्या तर हाकलून देऊ?

मला वाटतं रमाबाईंसाठी हा दाराचा प्रश्न राहिलाच नव्हता. ज्या ठिकाणी 'मी कोण' हे त्यांना कळलं होतं, तीच खोली लपवायला लोक सांगत होते. दार लावलं असतं तर शाळेतल्या २५ मुली राहिल्या असत्या. पण दारामागे राहणारी बाई वेगळी झाली असती. किंमत मात्र मोठी होती, आणि ती त्या मुलींनीही मोजली. घरी नेलेल्या सगळ्यांना पुढे शिकता आलं असेल असं समजणं भाबडेपणाचं होईल.

केडगाव

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं. तिथे रमाबाईंनी शेतजमीन घेऊन ठेवली होती. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंनी दुष्काळ स्वतः भोगलेला. त्या तिकडे गेल्या आणि ३०० च्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. त्यातच पुण्यात प्लेग. मग मुक्काम केडगावला, आधी तंबू आणि झोपड्या, मग इमारती. १८९८ मध्ये 'मुक्ती' हे नाव रीतसर पडलं.

नाव बघा. संस्कृत, जुनं, आपल्या कानाला ओळखीचं. इंग्लंडमध्ये क्रूसावर संस्कृत मागणाऱ्या बाईने शेवटी आपल्या गावाचंच नाव संस्कृतात ठेवलं.

जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी तिथल्या मुलींना रोज एकत्र प्रार्थनेला बसायचं आवाहन केलं. सुरुवातीला सत्तरेक जणी आल्या. जूनपर्यंत हा आकडा ५५० च्या आसपास गेला. आणि जूनच्या शेवटी तिथे जे झालं त्याची बातमी जगभर गेली: शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतायत, रडतायत, गातायत. शिस्तीत, एकामागून एक प्रार्थना करायची सवय असलेल्या काही पाश्चात्त्य मंडळींना हा गोंधळ वाटला. रमाबाईंनी मुलींना थांबवलं नाही. आपल्या लोकांना देवाने ज्या स्वभावाचं घडवलंय त्याच स्वभावाने त्यांना प्रार्थना करू द्या, पाश्चात्त्य रीत लादू नका, अशी त्यांची भूमिका होती.

आजही जागतिक पेंटेकोस्टल चळवळीचा इतिहास लिहिताना अमेरिकेतल्या १९०६ च्या अझुसा स्ट्रीटबरोबर केडगावचं नाव घेतलं जातं. आणि केडगाव आधीचं आहे.

अभंगात बसलेला ख्रिस्त

याच काळात दुसरा एक मराठी माणूस याच प्रश्नापाशी आला होता. 'केवढे हे क्रौर्य' ही कविता शाळेत वाचली असेल, घायाळ पक्षिणीची. ती लिहिणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्य वेगळे बरं का.

नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या माणसाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत वाचत आले आणि पुस्तक सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरी हलकल्लोळ. पत्नी लक्ष्मीबाई अनेक वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्या नगरला परत आल्या, पण सोवळं पाळत, स्वयंपाक वेगळा ठेवत. नवऱ्याने जबरदस्ती केली नाही. देवाने माणसांत जाती केल्या का, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडवला आणि १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. अजून वाचलं नसेल तर या वीकेंडला हातात घ्या. इतकं हसवत रडवणारं मराठी पुस्तक दुसरं सापडणं कठीण.

टिळकांनी बघितलं की चर्चमध्ये मराठी माणसं इंग्रजी चालीवर भाषांतरित गाणी म्हणतात. शब्द मराठी, सूर परका. त्यांनी अभंग, ओव्या, भजनं लिहायला घेतली. टाळ आला, तबला आला, कीर्तन आलं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. आज महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये 'उपासना संगीत' उघडलं की टिळकांची शेकडो पदं सापडतात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. १९१९ मध्ये ते गेले.

रमाबाईंचं शेवटचं मोठं काम याच दिशेचं आहे. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. मुक्तीमधल्या बायकांनीच खिळे जुळवले, छपाई केली. जिला कोलकात्याने 'सरस्वती' म्हटलं होतं, ती बाई आता संस्कृतप्रचुर शब्द बाजूला काढत होती, कारण दुष्काळातून आलेल्या मुलीला ते कळायला हवं होतं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

मग आपल्याला काय?

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. नाव जाहीर झालं तेव्हा काहींनी धर्मावरून विरोध केला. म्हणजे शंभर वर्षांनंतरही प्रश्न तोच: ख्रिस्ती माणूस आपला का?

नवी मुंबईत तर आपण सगळेच कुठून ना कुठून आलेलो. इथे नाव सांगितलं की आडनाव विचारतात, आडनाव सांगितलं की गाव, आणि गाव सांगितलं की समोरचा मनातल्या मनात आपल्याला एका खणात ठेवून देतो. मराठी ख्रिस्ती मित्रमैत्रिणींना तर दोन्हीकडून प्रश्न: 'आडनाव असं कसं?' आणि 'मराठी इतकं चांगलं कसं?'

रमाबाईंचं उत्तर मला यासाठी महत्त्वाचं वाटतं, तुम्ही कुठल्याही धर्माचे असा किंवा कुठल्याच नसा. त्यांनी दुनियेला पटवून देऊन ओळख मिळवली नाही. आधी एका खोलीत, कुणी बघत नसताना, आपण कोणासमोर उभे आहोत हे त्यांनी शोधलं. मग शाकाहार, भाषा, नऊवारी, 'मुक्ती' हे नाव, यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवणं सोपं झालं. त्याची यादी पुण्याकडून किंवा वाँटेजकडून मागवावी लागली नाही.

आणि खोली सापडल्यावरही त्यांनी दार लावून घेतलं नाही. ते बरोबर होतं की चूक, यावर आपली मतं वेगळी असू शकतात. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात असं दार असेल, धर्माचं, प्रेमाचं, करिअरचं, तर ते उघडं ठेवायची किंमत कोण मोजतंय हेही एकदा बघा. रमाबाईंनी स्वतःच्या वाट्याची मोजली. २५ मुलींच्या वाट्याची त्यांना मोजता आली नाही.

आजच्यासाठी एवढंच. पुढच्या वेळी पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर केडगाव आलं की खिडकीतून एकदा बाहेर नजर टाका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.